घरी शिकवायचा भूगोल : माध्यमिक टप्प्यावरील अभ्यासक्रमाच्या आखणीचा इतिहास

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि कार्ल रिटर यांना आधुनिक भूगोलाचे जनक म्हटले जाते. दोघेही १८५९ सालीच निवर्तले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत हमखास असते. पाठ्यपुस्तकांत सहसा नसते ती गोष्ट अशी की हम्बोल्ट लहानपणी शाळेत गेलाच नाही. बर्लिनजवळच्या टेगेल येथील घरी त्याला व त्याचा थोरला भाऊ विल्हेल्म याला खाजगी शिक्षकांनी शिकवले. रिटर शाळेत शिकला खरा, पण तारुण्यातली बरीच वर्षे त्याने फ्रँकफुर्टमधील बेथमान-होल्वेग या श्रीमंत बँकर घराण्यातील मुलांचा घरशिक्षक म्हणून काढली. म्हणजे ज्या दोघांपासून आपण या ज्ञानशाखेची सुरुवात मानतो त्यांपैकी एक घरी शिकलेला आणि दुसरा घरी शिकवणारा होता.

घरच्या शिक्षणात भूगोल चांगला शिकवता येतो का, हा प्रश्न आज होमस्कूलिंग करणारे पालक विचारतात, तेव्हा तो नवा वाटतो. तो तसा नाही. या टिपणात आपण विशेषतः माध्यमिक टप्प्याचा, म्हणजे साधारण तेरा-चौदा ते अठरा वर्षे वयाचा विचार करणार आहोत. लहान मुलाला अंगणात उभे करून पूर्व-पश्चिम दाखवणे कोणत्याही घरात जमते. अडचण पुढे येते. मूल चौदा वर्षांचे झाले की त्याला न पाहिलेल्या प्रदेशांकडे न्यावे लागते, आणि ते शिकले हे दुसऱ्या कुणाला तरी पटवून द्यावे लागते. या दोन अडचणींवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे निघाली, आणि प्रत्येक उत्तराने भूगोल म्हणजे काय याची कल्पनाही बदलली.

रूसोचे जंगल

घरी शिकवायच्या भूगोलाची पहिली गाजलेली आखणी जाँ-जाक रूसोच्या ‘एमिल’ (१७६२) या ग्रंथात सापडते. एमिल हा काल्पनिक विद्यार्थी. त्याला शाळा नाही, एकच शिक्षक आहे. भूगोल येतो तो ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, एमिल साधारण बारा ते पंधरा वर्षांचा असताना. रूसो पृथ्वीगोल आणि छापील नकाशे आधी बाजूला ठेवायला सांगतो. एमिल राहतो ते गाव आणि वडिलांचे खेड्यातले घर हे त्याच्या भूगोलातील पहिले दोन बिंदू. मग त्यांच्यामधली ठिकाणे, जवळच्या नद्या, सूर्याची दिशा. यांवरून त्याने आपला नकाशा आपणच काढायचा. तो चुकीचा निघाला तरी चालेल. नकाशा कशासाठी असतो हे त्याला कळले पाहिजे.

यानंतरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. माँमोरँसी गावाच्या उत्तरेच्या जंगलात शिक्षक एमिलला मुद्दाम वाट चुकवतो. मुलगा दमलेला, भुकेलेला, रडकुंडीला आलेला. जंगल गावाच्या उत्तरेला आहे हे त्याला आदल्या दिवशीच्या निरीक्षणावरून ठाऊक असते. दुपारची सावली उत्तरेकडे पडते, तेव्हा गाव तिच्या उलट दिशेला असणार असा हिशेब त्याला करावा लागतो, आणि दोघे जेवणाच्या वेळेला घरी पोहोचतात. स्वतःची मुले अनाथालयात ठेवणाऱ्या माणसाने ही आखणी लिहिली, हे वाचकाने विसरू नये. पण आखणी भक्कम आहे.

तिची मर्यादा मात्र उघड आहे. माँमोरँसीच्या जंगलातून चीनपर्यंत कसे जायचे, हे रूसो सांगत नाही. स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दाँ येथे पेस्टालॉझीने हाच धागा पुढे नेला. तेथील मुलांना जवळच्या ब्यूराँ नदीच्या खोऱ्यात फिरवून आणत, त्यांनी सोबत आणलेल्या चिकणमातीतून ते खोरे टेबलावर उभारून घेत, आणि मगच छापील नकाशा समोर ठेवत. रिटर १८०७ साली इव्हेर्दाँला गेला आणि पेस्टालॉझीच्या पद्धतीचे ऋण त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले. पण रिटरचा स्वतःचा मोठा ग्रंथ आफ्रिका आणि आशियावर आहे, आणि तो त्याने मुख्यतः प्रवासवर्णने वाचून लिहिला. जवळून दूर जाण्याचा पूल पुस्तकांचाच होता. घरी शिकवणाऱ्यांना हा धडा उशिरा कळला.

अँबलसाइडहून येणारे टपाल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील मध्यम व उच्च मध्यमवर्गीय घरांत एक रीत रूढ होती. मुलगे ठरावीक वयात निवासी शाळेत जात. मुली बहुधा घरीच राहत आणि त्यांना आई किंवा पगारी गव्हर्नेस शिकवी. गव्हर्नेसचे स्वतःचे शिक्षण बेताचे असे. त्या काळच्या भूगोलाच्या तासाला काय चाले? राजधान्या, नद्या, भूशिरे आणि निर्यातीचे पदार्थ यांच्या याद्या पाठ करणे. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जॉन स्कॉट केल्टी यांना भूगोलशिक्षणाची पाहणी करायला नेमले. त्यांच्या १८८५ च्या अहवालात शाळांमधील चित्रही फारसे वेगळे नव्हते, आणि जर्मनीशी तुलना इंग्लंडला लाजवणारी होती. शाळांची ही अवस्था, तर गव्हर्नेसला दोष कशाला द्यायचा?

शार्लट मेसन (१८४२–१९२३) ही शिक्षिका याच सुमारास लिहू लागली. शिक्षणक्षेत्रात तिचे नाव आज निसर्गभ्रमंती आणि चांगली पुस्तके यांसाठी घेतले जाते. तिची सुरुवात मात्र भूगोलापासून झाली, हे फारसे कुणी सांगत नाही. इंग्लंडच्या परगण्यांवरचे तिचे पुस्तक १८८० साली निघाले आणि त्यापाठोपाठ भूगोलाच्या पाच वाचनपुस्तकांची मालिका. ‘होम एज्युकेशन’ हा तिचा ग्रंथ १८८६ चा. त्यात लहान मुलांसाठी रूसोचीच वाट आहे: बदकांचे डबके म्हणजे सरोवर, ओहोळ म्हणजे नदी, टेकाड म्हणजे पर्वत, पावलांनी अंतर मोजणे, सूर्यावरून दिशा ओळखणे, धुळीत काठीने खोलीचा आराखडा काढणे. १८८७ साली ब्रॅडफर्डमध्ये पालकांची संघटना उभी राहिली. तीच पुढे ‘पेरेंट्स नॅशनल एज्युकेशनल युनियन’ झाली. १८९१ मध्ये पत्रद्वारा चालणारी शाळा सुरू झाली, आणि १८९२ मध्ये अँबलसाइड येथे गव्हर्नेस व मातांना प्रशिक्षण देणारी संस्था.

या पत्रशाळेची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वर्षाची तीन सत्रे. प्रत्येक सत्राच्या आरंभी प्रत्येक इयत्तेसाठी कार्यक्रमपत्रिका टपालाने येई: कोणते पुस्तक, त्यातली किती पाने, कोणते काम. सत्राच्या शेवटी प्रश्नपत्रिका येई, आणि मुलांची उत्तरे अँबलसाइडला तपासायला जात. शिकवणारी व्यक्ती भूगोलतज्ज्ञ नाही हे गृहीत धरूनच सगळी आखणी केलेली होती. शिकवण्याचा भार बाईंवर न टाकता पुस्तकावर टाकलेला असे. मुलाने उतारा एकदाच वाचायचा आणि मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा. शेजारी बसलेल्या बाईंना आल्प्सची निर्मिती ठाऊक नसली तरी मुलीने सांगितलेले पुस्तकाशी जुळते की नाही हे त्यांना ताडून पाहता येई.

मोठ्या मुलांच्या कार्यक्रमपत्रिकांत नकाशाची जागा काटेकोरपणे ठरवलेली दिसते. धडा वाचण्यापूर्वी त्या प्रदेशाच्या नकाशावरचे प्रश्न सोडवायचे, मग तीच नावे कोऱ्या नकाशात आठवणीने भरायची, त्यानंतर वाचन. दर आठवड्याला दहा मिनिटे जगाच्या नकाशावर घालवायची. शिवाय त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून ज्या परक्या प्रदेशांची नावे येत असतील त्यांची माहिती करून घ्यायची. शेवटची सूचना साधी दिसते, पण तिच्यामुळे घरी शिकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा भूगोल चालू काळाशी जोडला जाई. आजचे पालक मेसनकडून भटकंती उचलतात आणि नकाशाची ही शिस्त सोडून देतात. माझ्या मते माध्यमिक टप्प्यावर तिचे खरे देणे ही शिस्तच आहे.

तिच्या पुस्तकमालेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आरंभी प्राथमिक भूगोल, मग ब्रिटिश साम्राज्य व जगाचे मोठे विभाग, मग इंग्लंडचे परगणे, मग युरोपातील देश, आणि अखेरीस उरलेले जग. साम्राज्य परगण्यांच्याही आधी येते. ‘जवळून दूर’ या तत्त्वात ‘जवळचे’ काय हे अंतरावर ठरत नाही, तर ते ठरवणाऱ्यावर अवलंबून असते, याचा यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडणार नाही. भारतात राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांतही अँबलसाइडचे टपाल येत असे. ही मुले बहुधा लहानच असत, कारण सात-आठ वर्षांच्या पुढे त्यांना विलायतेला पाठवण्याची प्रथा होती. दख्खनच्या पठारावरील एखाद्या छावणीत, जिथे ओढा पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच कोरडा पडतो, तिथे बारमाही झुळझुळणाऱ्या ओहोळावरून नदी समजून घ्यायची ही आखणी कितपत लागू पडली असेल, याची कल्पना तुम्हीच करा. तत्त्व परिसराचे होते, पण पत्रिका सर्वांना एकच जात होती.

कारण की दृश्य?

मेसनच्या हयातीतच इंग्लंडमधील भूगोल बदलत होता. हॅलफर्ड मॅकिंडर यांनी १८८७ च्या आरंभी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसमोर वाचलेल्या निबंधात भूगोल हा प्राकृतिक परिस्थिती आणि मानवी समाज यांना जोडणारा विषय असल्याचे मांडले. त्याच वर्षी त्यांची ऑक्सफर्डमध्ये अध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८९३ मध्ये शिक्षकांची जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन झाली. १९०५ मध्ये हर्बर्टसन यांनी जगाचे नैसर्गिक प्रदेश मांडले. शाळेतला भूगोल आता ‘का’ विचारू लागला. इथे गहू का पिकतो? बंदर इथेच का वाढले? लोकसंख्या खोऱ्यात का दाटली?

मेसनला हे फारसे रुचले नाही. १९२५ साली, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या ग्रंथात तिने भूगोल शिकवण्याच्या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या आहेत. एकीत मूल थोड्या सामान्य नियमांवरून प्रत्येक देशाविषयी अनुमान काढते. दुसरीत प्रदेशामागून प्रदेश दृश्यपटासारखा उलगडत जातो, त्याचे रंग, माणसे, इतिहास यांसकट. तिची पसंती दुसरीला. तिची तक्रार अशी की उपयोगितेच्या मागे लागलेला भूगोल पृथ्वीचे सौंदर्य आणि गूढ काढून घेतो, आणि अनुमानाने शिकलेल्या मुलाला सगळे देश सारखेच दिसू लागतात.

ही तक्रार सरसकट नाकारता येत नाही. ‘मोसमी हवामान, म्हणून भात, म्हणून दाट वस्ती’ हे सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्याला बंगाल आणि दक्षिण चीन यांतला फरक सांगता येत नाही, हा अनुभव आपल्याही वर्गांत येतो. हवामानावरून माणसांचे स्वभाव ठरवणारा नियतिवाद त्या काळी जोरात होता, आणि त्यातून वसाहतींतील लोकांविषयी बेजबाबदार विधाने ‘भौगोलिक नियम’ म्हणून शिकवली जात होती. तपशिलांवर भर देणारी पद्धत त्यापासून काही प्रमाणात वाचली.

पण मेसन इथे अर्धीच बरोबर आहे. चौदा वर्षांपर्यंत दृश्य पुरते. पुढे ‘का’ हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतो, आणि तेव्हा त्याला केवळ आणखी एक सुंदर वर्णन देणे म्हणजे त्याला टाळणे होय. शिवाय ज्या मुलींसाठी ही आखणी मुख्यतः होती, त्यांचे भाऊ शाळेत आणि पुढे विद्यापीठात मॅकिंडरचा भूगोल शिकणार होते. घरी दृश्य आणि बाहेर कारणमीमांसा, अशी ही वाटणी होत असेल, तर तिचे परिणाम भूगोलाच्या तासापुरते राहत नाहीत. मेसनने मुलींना नकाशाची जी पक्की सवय लावली, तिच्या जोरावर त्या कारणांपर्यंत सहज पोहोचल्या असत्या. वाट तयार होती. तिने त्यांना दारातच थांबवले.

एकशे वीस तास

दुसरी अडचण होती पुराव्याची. तिचे सर्वात रोखठोक उत्तर अमेरिकेत घडले, आणि तेही जवळजवळ अपघाताने. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी दिला. तो सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानापुढे प्रश्न आला: ‘महाविद्यालय’ कशाला म्हणायचे? ठरले असे की प्रवेशासाठी माध्यमिक शाळेतील चौदा ‘युनिट’ मागणारी संस्था ती महाविद्यालय, आणि एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास अध्यापन म्हणजे एक युनिट. प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी काढलेले हे माप देशभरच्या शाळांनी उचलले. आज घरी मुलाला शिकवणारी अमेरिकन आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर भूगोलाचे तास मोजत बसते ते या मापामुळे. वर्षाला १८० दिवस आणि रोज चाळीस मिनिटे धरली की बरोबर १२० तास होतात.

मापात टाकायचा भूगोल मात्र त्याच काळात शाळांतून आटत होता. १८९० च्या दशकात विल्यम मॉरिस डेव्हिस यांच्यासारख्या भूरूपशास्त्रज्ञांच्या प्रभावाखाली प्राकृतिक भूगोलाला माध्यमिक शाळेत मान मिळाला होता. १९१६ च्या एका राष्ट्रीय समितीच्या अहवालानंतर इतिहास, नागरिकशास्त्र यांच्यासह भूगोलही ‘सामाजिक अभ्यास’ या छत्राखाली गेला आणि स्वतंत्र विषय म्हणून मागे पडला. त्यामुळे १९७० च्या दशकात जॉन होल्ट यांच्या लेखनाने होमस्कूलिंगला वेग आला, आणि १९९३ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत ते कायदेशीर झाले, तेव्हा पालकांपुढे विचित्र मोकळीक होती. माध्यमिक भूगोल कसा असावा याचे पक्के शालेय उदाहरणच समोर नव्हते. काहींनी जगाचा प्रादेशिक भूगोल घेतला आणि मेसनच्या पद्धतीने देशामागून देश वाचला. काहींनी प्राकृतिक भूगोल घेऊन त्याची नोंद विज्ञानाखाली केली. बऱ्याच जणांनी तो वेगळा न ठेवता जगाच्या इतिहासात मिसळला. त्यात नकाशा बहुधा युद्धांच्या बाणांपुरताच उरतो.

२००१ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांत मानवी भूगोलाची पहिली परीक्षा झाली आणि चित्र पालटले. घरी शिकणारा विद्यार्थीही जवळच्या शाळेत बसून ती देऊ शकतो. तिचा अभ्यासक्रम लोकसंख्या, स्थलांतर, भाषा व धर्म, राज्यसंस्था, शेती, शहरे, उद्योग अशा संकल्पनांनी बांधलेला आहे. प्रदेश येतात ते उदाहरणे म्हणून. मेसनने ज्याला विरोध केला ती अनुमानाची पद्धत अशा रीतीने मागच्या दाराने घरात आली, आणि आणली ती त्याच पालकांनी, ज्यांच्या फडताळात तिची पुस्तकेही होती. आईने दिलेले गुण प्रवेश अधिकारी मानेल की नाही याची शंका असते. बाहेरच्या परीक्षेच्या गुणांबद्दल ती नसते.

भारतातील घर आणि स्थलनिर्देशक नकाशा

आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वयोगटापुरता आहे आणि त्यात घरच्या शिक्षणाला वेगळी अशी व्यवस्था नाही. माध्यमिक टप्प्यावर मात्र अधिकृत वाट आहे. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने प्रकल्प म्हणून मुक्त शाळा सुरू केली. १९८९ मध्ये ती स्वायत्त झाली आणि २००२ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे झाले. तिच्या उच्च माध्यमिक परीक्षेत भूगोल हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे इथे मापाचा प्रश्न तासांचा नाही, परीक्षेचा आहे. घरच्या विद्यार्थ्याने किती तास अभ्यास केला हे कोणी विचारत नाही.

खरी उणीव दुसरीकडे होती. मेसनच्या काळातील इंग्रज कुटुंबाला आपल्या परिसराचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा दुकानात विकत मिळत असे. भारतात सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासूनची, पण सीमाभाग आणि किनारपट्टीचे तिचे स्थलनिर्देशक नकाशे दीर्घकाळ सामान्य नागरिकाला मिळत नव्हते. रत्नागिरीच्या किंवा जैसलमेरच्या मुलाला आपल्या गावाच्या समोच्च रेषा पाहण्याची सोय नव्हती. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतही ठरावीक नकाशे फिरत राहिले. एनसीईआरटीच्या अकरावीच्या प्रात्यक्षिक पुस्तकात मिर्झापूर भागाचा ६३ के/१२ हा नकाशा आहे, आणि गंगाकाठ कधी न पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्याच्यावर समोच्च रेषा वाचायला शिकल्या.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी खुली नकाशामालिका वेगळी केली. २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आले. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून आधार क्रमांकाच्या नोंदणीने विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वर्षाची आखणी आता या नकाशापासून करता येते. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आपल्या भागाचा नकाशा छापून घ्यावा, त्यातला चालत जाण्याजोगा एखादा ओढा निवडावा, उगमापासून तो कुठल्या नदीला मिळतो तिथपर्यंत समोच्च रेषा मोजाव्यात, आणि मग प्रत्यक्ष जाऊन पाहावे. उन्हाळ्यात गेलात तर नकाशावरची निळी रेघ जागेवर कोरडी सापडेल. ती कोरडी का, आणि तिचे पाणी कुठे अडवले आहे, हे मात्र त्या पानावर मिळेलच असे नाही. त्यासाठी पर्जन्यमानाची आकडेवारी, धरणांची यादी आणि ओढ्याकाठी राहणारी दोन म्हातारी माणसे लागतील.